आज्जीचा ड्युटी चार्ट

वाचकांची पत्रं, माईंची उत्तरं

पत्र पहिलं

माननीय माई,

मी बेळगावात, शहापूरला राहते. वय तिशीच्या पुढं गेलंय, तरी मला 'तू'च म्हणा. माझी आज्जी गेल्या वर्षी वारली, पंच्याऐंशीव्या वर्षी. येत्या वर्षश्राद्धाला घरची मंडळी मिळून चोवीस पानांची स्मरणिका काढणार आहेत. मोठ्या काकांनी मुख्य मजकूर लिहून आणलाय. त्यात आज्जी प्रेमळ, धर्मपरायण आणि कुटुंबवत्सल आहे. नोकरीवर एकच ओळ आहे: 'टेलिफोन खात्यात नोकरी करून संसाराला हातभार लावला.' आज्जी १९५९ साली ऑपरेटर म्हणून लागली ती १९९७ साली निवृत्त झाली. अडतीस वर्षं एका ओळीत! मी म्हटलं, मी लिहिते. लिहायला बसले तर मलाच काही ठाऊक नाही. एक्स्चेंजमधली एकही गोष्ट तिनं कधी सांगितली नाही. विचारलं की म्हणायची, "काम होतं, केलं की." एवढंच. माणूस बोलका, पण त्या एका बाबतीत तोंडाला कुलूप.

मला आठवते ती घरातली आज्जी. आई बँकेत होती, त्यामुळे मी आज्जीच्याच हाताखाली वाढले. ती सकाळी सातला जायची, अकराला यायची, पुन्हा पाचला जायची ती रात्री नऊला परत. मधल्या वेळात मला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं. भरवताना ती घड्याळाकडं पाठ करून बसायची. घरच्या फोनवरही तिचं बोलणं तीन मिनिटांत आटपायचं, आणि कुणी नंबर सांगितला की दोन-दोन आकडे करून परत म्हणून दाखवायची. आम्ही हसायचो.

हे मी आत्तीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला मिळाली बाई. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी असायची." अजून तिला ते लागतंय.

आणखी एक. निरोपाच्या दिवशी आज्जीला बरोबरच्या बायकांनी दिलेलं एक पत्र सापडलंय, कन्नडमधलं. काका सीमालढ्यातले जुने कार्यकर्ते. ते म्हणतात, ते पत्र स्मरणिकेत नको. मी काय करू?

— एक नात, शहापूर

उत्तर

काकांवर रागावू नकोस. त्यांनी जे लिहिलंय ते आपल्याकडं सगळेच लिहितात. इथल्या एका दैनिकात निधनवार्तांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडं होतं, म्हणून खात्रीनं सांगते. गडीमाणूस गेला की कागदावर पहिल्यांदा हुद्दा यायचा, निवृत्त अमुक, माजी तमुक. बाई गेली की पहिल्यांदा 'त्यांच्या पश्चात', मग मुलगे, सुना, नातवंडं, आणि नोकरी असलीच तर शेपटाला हातभार. मी उलट फोन करून विचारायची, "बाई कुठल्या खात्यात होत्या हो?" मुलगा रिसीव्हरवर हात ठेवून आतल्या खोलीत ओरडून विचारायचा. आई रोज डबा घेऊन जात होती ते ठिकाण त्याला नीट माहीत नसायचं. मग मीच हुद्दा उचलून पहिल्या ओळीत टाकायची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जिना चढून भांडायला यायचं, की आईच्या आधी ऑफिस कशाला घातलंत. असो, त्या भांडणांवर वेगळा लेख होईल.

आता आज्जीच्या कुलपाचं बघू. तुला तो तिचा स्वभाव वाटतो. मला ती तिची नोकरी वाटते.

एक्स्चेंजमधला फोन जोडायचा तो बोर्ड तुझ्या पिढीनं पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. तेव्हा बेळगावातून पुण्याला बोलायचं तर १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑपरेटर एका चिठ्ठीवर तुमचा नंबर, हवं ते गाव, तिथला नंबर आणि कॉलचा प्रकार लिहून घ्यायची. साधा, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग, म्हणजे सगळ्यात तातडीचा. अमुक एक माणूसच फोनवर हवा असेल तर पी.पी. कॉल. मग लाइन मोकळी होईस्तोवर दोन्हीकडं वाट बघणं. साध्या कॉलला सकाळ गेली की संध्याकाळही व्हायची, आणि तोवर घरातलं एक माणूस फोनला बांधलेलं. लाइन मिळाली की डोक्याला हेडसेट लावलेली ती बाई कॉर्डची एक पिन बोर्डावरच्या एका भोकात घालायची, दुसरी दुसऱ्यात, दोन्हीकडं 'बोला' म्हणायची, चिठ्ठीवर वेळ टाकायची, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन तसं सांगायची. पैसे तीन मिनिटांच्या हिशेबानं, त्यामुळं तिचा आवाज आला की माणसं भराभर बोलून घ्यायची. पुढचं वाढवायचं की तोडायचं, हेही तिला विचारावं लागे.

आता लक्षात घे. लाइन नीट जुळली की नाही हे बघायला तिला घटकाभर कानावर घ्यावंच लागायचं. त्या घटकेत काय काय पडत असेल! कुणाचा बाप गेला, कुणाची सोयरीक मोडली, कुठल्या अडत्यानं कुणाला बुडवलं. गावाला दुपारी कळायचं ते हिला सकाळी ठाऊक. आणि बाहेर बोलायची सोय नाही. १८८५ सालचा भारतीय तार कायदा टेलिफोनलाही लागू होता, आणि संदेश फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात शिक्षा होती. पण मी म्हणते, कायदा राहू दे बाजूला. शहापुरात राहायचं, जिथं एका गल्लीतली शिंक दुसऱ्या गल्लीत ऐकू जाते, आणि अडतीस वर्षं कुणाच्या घरचं कुणाला सांगायचं नाही, हे कायद्याच्या धाकानं होत नाही. हळदीकुंकवाला बायका तिच्याजवळ सरकून बसत असणार. एखादी म्हणत असणार, "अगं, तुला तर कळलंच असेल." आणि ही पानावर मांडा वाढत पुढं सरकत असणार. हे माझं चित्र झालं. खरं काय व्हायचं ते तिच्या बरोबरीच्या शेजारणींना विचार. एक तरी अजून असेल, आणि आज्जीकडून काही काढता आलं नाही याची चुटपुट तिला अजून असेल.

'काम होतं, केलं की' हे वाक्य स्मरणिकेत जसंच्या तसं छाप. त्याच्याखाली हे सगळं लिही. तीन मिनिटांत फोन ठेवणं आणि आकडे परत म्हणणं हेही त्याच पानावर. तुम्ही ज्याला हसलात ते तिच्या हातातलं कसब होतं. एक आकडा चुकला तर भलत्याच घरी भलत्याच माणसाच्या मरणाची बातमी जायची.

आत्तीचं दुखणं मात्र अवघड आहे. त्याला 'आई कष्टाळू होती, समजून घे' असं म्हणून चालणार नाही. सुदैवानं उत्तर तुझ्याच पत्रात आहे.

तू लिहिलेले तास म्हणजे स्प्लिट ड्युटी. टेलिफोन खात्यात ही पद्धत होतीच. आठ तास सलग न घेता दोन तुकड्यांत घ्यायचे. एकाच दिवसात दोनदा जायचं आणि दोनदा यायचं. आता एक कागद घे, आडव्या दोन रांगा आख. वरच्या रांगेत १९७० च्या सुमाराची आत्ती: शाळा अकरा ते पाच. खालच्या रांगेत १९९५ ची तू: दोन वर्षांची, अख्खा दिवस घरात. दोन्ही रांगांवर आज्जीची ड्युटी मांड. अकरा ते पाच ती घरी आहे. आत्तीच्या रांगेत नेमके तेच सहा तास घर रिकामं. तुझ्या रांगेत त्याच सहा तासांत तू आहेस. आत्ती शाळेतून पाचला घरी यायची आणि आई पाचला निघायची, म्हणजे आत्तीच्या आठवणीतली चप्पल अगदी बरोबर आहे. तुझ्या आठवणीतली दुपारही बरोबर. मायेत काही फरक झाला नव्हता. चार्ट तोच होता, फक्त मुलं निराळ्या वयाची होती.

यात सरकारचाही हात आहे, तोही सांगते. आत्ती आणि तुझे काका जन्मले तेव्हा केंद्राच्या नोकरीत बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. त्यातले काही दिवस आधीच घ्यावे लागले तर बाळाच्या वाट्याला किती उरत असतील ते तूच बघ. रजा १३५ दिवसांची झाली १९९७ साली, म्हणजे आज्जी घरी बसली त्याच वर्षी. २००८ पासून १८० दिवस, आणि मुलांच्या संगोपनासाठी वेगळी ७३० दिवसांची रजाही तेव्हापासूनच. तुझ्या मैत्रिणींना आज जे हक्कानं मिळतं ते आज्जीनं नातीसाठी स्प्लिट ड्युटीच्या फटीतून काढून घेतलं.

इथं एक गोष्ट तपासून घे. निवृत्ती जवळ आलेली, इतक्या वर्षांची सिनिऑरिटी असलेली बाई सलग ड्युटी सोडून स्प्लिटवर का राहिली? नाइलाज होता की मागून घेतली? बरोबरच्या बायकांना हे नक्की ठाऊक असेल. मागून घेतली असेल तर कारण तूच असणार असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर छापू नकोस, विचारून छाप.

आणि आत्तीला दोन पानं दे. तिची तिला लिहू दे. 'आई घरी नसायची' असं ती लिहिणार असेल तर लिहू दे. काका म्हणतील, श्रद्धांजलीत गाऱ्हाणं शोभत नाही. त्यांना सांग, गाऱ्हाणं त्याच माणसाचं राहतं ज्याची वाट बघितलेली असते. आत्तीची दोन पानं आणि तुझी दोन पानं समोरासमोर येऊ देत, मध्ये तो दोन रांगांचा तक्ता. असली स्मरणिका मी तरी अजून पाहिलेली नाही, आणि पाहिलेल्यांत रद्दीत न गेलेल्या फार थोड्या.

आता कन्नड पत्र. काकांचं दुःख खोटं नाही, ते आधी मान्य कर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. काल ज्यांचं माहेर पलीकडच्या तालुक्यात होतं त्यांचं आज पलीकडच्या राज्यात झालं. काका दर १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, फेरीत चालले असतील. १९८६ च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन त्यांनी डोळ्यांनी बघितलं असेल. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर त्यांच्या ओळखीची नावं असतील. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तुमच्या चोवीस पानांत सुटायचा नाही, आणि आज्जीच्या मैत्रिणींच्या एका पत्रानं बिघडायचाही नाही.

आज्जीच्या खुर्चीवरून बघ. ती लागली तेव्हा गाव म्हैसूर राज्यात, पण खातं पोस्ट आणि टेलिग्राफ, म्हणजे केंद्राचं. तिच्या एका कानात हुबळी-धारवाड, दुसऱ्या कानात कोल्हापूर-सांगली. कन्नड येत नसतं तर तिचा अर्धा बोर्ड मुका पडला असता. तिला कन्नड यायचं म्हणून तिचं मराठी काही कमी झालं नाही. तू मला चार पानं मराठीत लिहिलीस ती तिच्याच मांडीवर शिकलीस ना? ते पत्र कन्नड लिपीतच छाप, खाली मराठीत अर्थ दे. अर्थ लावायला एखादी सही करणारी बाईच भेटली तर सोन्याहून पिवळं. सोबत काकांनाही एक पान दे. १९५६, काळा दिन, जे लिहायचं ते मोकळेपणानं लिहोत. फक्त एक अट घाल: फेरीहून उशिरा घरी आल्यावर जेवायला कोण वाढायचं, आणि ती कुठल्या ड्युटीवरून आलेली असायची, हे त्यांनी त्यात लिहायचं. काका मनानं खरे असतील तर लिहितील.

माहिती कुठून काढू, असं तू विचारलं नाहीस, पण अडशील तिथंच. आज्जीच्या पेन्शनच्या कागदांत पीपीओ असेल, पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यावर निवृत्तीची तारीख, किती वर्षांची सेवा धरली आणि शेवटचं पद हे सापडेल. बहुतेक बायका तो कागद देवघराच्या कपाटात, नाहीतर पातळांच्या घडीत ठेवतात. शाळेचा दाखला बघ, जन्मतारीख त्यावरून घे. घरातले लोक सांगतात ती तारीख आणि दाखल्यावरची क्वचितच जुळते. जुने फोटो उलटे करून बघ, स्टुडिओचा शिक्का आणि कधी पेन्सिलीनं घातलेली नावं असतात. निरोपसमारंभाच्या फोटोतल्या बायका एकेक ओळखून काढल्यास की तुझी निम्मी मोहीम फत्ते.

त्या बायकांकडं जाशील तेव्हा 'आज्जी कशी होती हो?' असं विचारू नकोस. 'फार चांगली होती' एवढं उत्तर आणि चहा मिळेल. असं विचार: पहिल्या दिवशी तिला बोर्डावर कुणी बसवलं? डबा ती कुणाबरोबर खायची? पावसाळ्यात लाइनी पडल्या की गिऱ्हाइकांच्या शिव्या कोण खायचं? सुपरवायझरशी तिचं कशावरून वाजलं होतं? एसटीडीच्या, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायच्या, पिवळ्या पाट्या गल्लीगल्लीत लागल्या आणि ट्रंकचं काम आटत गेलं, तेव्हा तिला कुठल्या टेबलावर टाकलं? ही शेवटची गोष्ट नक्की विचार. आयुष्यभर ज्या कामात हात बसला ते काम नोकरी संपण्याआधीच संपलं, हे त्या पिढीतल्या ऑपरेटर बायकांनी बघितलंय, आणि त्यांना ते कुणी विचारलेलं नाही.

सुरुवात कशी करू म्हणून अडकशील, म्हणून नमुना देते. हे तुझ्याच पत्रातलं आहे, मी फक्त ओळीनं लावलंय.

'आज्जी सातला बोर्डावर बसायची. अकराला घरी यायची. मला भरवताना ती घड्याळाकडं पाठ करून बसायची, कारण दिवसातले आठ तास तिनं घड्याळाकडं तोंड करून काढलेले असायचे. पाचला ती साडी बदलून पुन्हा जायची. आत्ती म्हणते, ती लहान असताना आज्जी याच वेळी दारात चप्पल घालून उभी असायची.'

इथं थांब, परिच्छेद बदल, आणि बोर्ड म्हणजे काय ते सांगायला लाग. 'प्रेमळ' कुठंही लिहावं लागणार नाही. आणखी एक, आपल्याकडच्या जुन्या बायका निघताना 'येते' म्हणत नाहीत, 'येतो गं' म्हणतात. तुझी आज्जी तसं म्हणत असेल तर छापखान्यातल्या कुणाला ते सुधारू देऊ नकोस.

पत्र दुसरं

माई, सप्रेम नमस्कार.

गेल्या अंकात तुम्ही 'नोकरी-व्यवसाय केलेल्या आज्ज्यांविषयी' मजकूर मागवला होता. आमची आज्जी निपाणीत विड्या वळायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मांडीवर सूप, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, आणि पाळण्यात आधी आमचे वडील, मग आम्ही. तिला पगार नव्हता, दर हजार विड्यांमागं मजुरी होती. आमच्या घरातच म्हणतात की ती काही 'करिअर' नव्हे. पाठवू का?

— एक वाचक, निपाणी

उत्तर

पाठवा. ताबडतोब पाठवा. घरातल्यांना सांगा, माईंनी मागितलंय.

निपाणीचं नाव निघालं की तंबाखूच्या वखारी आठवतात, १९८१ चं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. घराघरात उंबऱ्याशी बसून विडी वळणाऱ्या बाईचा हात मात्र कुणी जवळून लिहीत नाही, आणि तो तुम्ही रोज पाहिलाय. पान भिजवून मऊ करायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटाच्या एका वळशात विडी, तोंड दुमडून बंद, दोरा. पंचवीसची जुडी. हे तुमच्या आज्जीचा हात नेमकं कसं करायचा ते लिहा. कुठलं बोट पुढं असायचं? नखाला काही लावायची का? पाळणा हलत असताना दोरा तुटायचा का?

मग हिशेबाचं लिहा. दिवसाला किती वळायची, कारखान्यात मोजून कोण घ्यायचं, आणि 'छाट' म्हणून किती बाजूला काढायचं. छाटीचे पैसे मिळत नाहीत, हे बाहेरच्या वाचकाला माहीत नसतं. ज्या दिवशी तुम्ही आजारी होता त्या दिवशी छाट जास्त निघाली असणार, तेवढीच तिची तुमच्यावरची माया आकड्यात सापडेल. आकडा कुणाला आठवत नसेल तर बनवू नका, 'फार' म्हणा आणि पुढं जा.

कागदही शोधा. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, कल्याण निधीचा कायदा १९७६ सालचा. त्यामुळं पुष्कळ बायकांना ओळखपत्रं मिळाली. आज्जीचं ओळखपत्र किंवा भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी ट्रंकेत असेल. असली तर तिचा फोटो काढून मजकुराबरोबर पाठवा. ते ओळखपत्र तिच्या अंगठ्यासकट आम्ही छापू. आणि तिला दम लागायचा, खोकला यायचा, तंबाखूचा वास साडीला असायचा, हे असेल तर गाळू नका. काम गोड करून लिहायची गरज नाही.

शब्दमर्यादा आठशे. जास्त झालं तर मी कापीन, आणि मी कापते तेव्हा विशेषणं कापते.

पत्र तिसरं

माई, आईच्या आईवर पुस्तिका काढतोय. ती खानापूर तालुक्यात शाळामास्तरीण होती. मुखपृष्ठावर कुठला फोटो घालावा? सगळ्यांचं म्हणणं हार घातलेला मोठा फोटो. माझ्याजवळ एक बारका, अंधूक फोटो आहे. फळ्यासमोर, हातात खडू, तोंड वळवलेलं.

— एक वाचक, खानापूर

उत्तर

फळ्यासमोरचा. तोंड दिसत नसेल तरी चालेल, चेहरा ओळखणाऱ्यांच्याच घरी पुस्तिका जाणार आहे. हाराचा फोटो शेवटच्या पानावर घाला म्हणजे कुणी रुसणार नाही. फळ्यावरची अक्षरं वाचता येतात का ते भिंग घेऊन बघा. वाचता आली तर फोटोखाली तो धडा कितवीचा ते छापा. मोबाइलवरून फोटोचा फोटो काढू नका, स्टुडिओत नेऊन स्कॅन करून घ्या, आणि मूळ फोटो छापखान्यात ठेवून येऊ नका. ते परत देतो म्हणतात.